सुमनला हाक मारली, वळलं कुणीच नाही

पत्र:

‘ताई, माझं वय ५५. एका पतसंस्थेत रोखपाल आहे. मागच्या महिन्यात आमच्या दहावीच्या, म्हणजे १९८६ च्या बॅचचं स्नेहसंमेलन झालं. जेवणाच्या रांगेत उभी होते. मागून कुणीतरी “सुमन, ए सुमन” म्हणून हाका मारत होतं आणि मी आपली ताटात कोशिंबीर वाढून घेत होते. तिसऱ्या हाकेनंतर मैत्रिणीने खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, “अगं, बहिरी झालीस का?” ताई, मला ऐकू आलं होतं. ती सुमन म्हणजे मी, हे लक्षातच आलं नाही.

१९९३ साली माझं लग्न झालं. नणंदेचं नावही सुमन, म्हणून सासूबाईंनी माझं अनघा ठरवलं. लक्ष्मीपूजनाला ह्यांनी तबकातल्या तांदळात अंगठीने लिहिलं, तेव्हा बाकीच्या बायकांबरोबर मीही ते पहिल्यांदाच वाचलं. “घ” नीट उमटला नाही म्हणून भटजींनी पुन्हा गिरवायला लावला. राग आला होता का, आठवत नाही. पेढे वाटले, झालं. वर्षा-दीड वर्षाने नणंदेचं लग्न झालं, ती नाशिकला गेली. तिचं तिकडे स्मिता ठेवलं.

संमेलनाहून आल्यापासून धड झोप नाही. इतकी वर्षं दुसऱ्याच बाईचं आयुष्य जगले असं वाटतं. आरशासमोर उभी राहून “सुमन” म्हणून पाहिलं, खोटं वाटलं. “अनघा” म्हटलं, तेही खोटंच. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, “आता या वयात काय फरक पडतो?” माणूस वाईट नाही. (आई होती तोवर फोनवर “सुमे” म्हणायची. तिला जाऊन दीड वर्ष झालं.) गॅझेटमध्ये देऊन नाव परत सुमन करून घ्यावं का? की हे वेडेपण आहे? आणि आणखी एक. डिसेंबरात मुलाचं लग्न आहे. सासूबाई ८६ वर्षांच्या आहेत, पण आतापासून विचारतायत, “सुनेचं नाव काय ठेवायचं गं?” आता तबक मांडणार मी. काय करू?

नाव कोणतं लिहावं ते कळेना, म्हणून खाली जागा कोरी सोडते.’

(पत्र बरंच मोठं होतं. जागेअभावी कापलं आहे, नावंही बदलली आहेत.)

उत्तर:

खाली जागा कोरी आहे, तेव्हा मीही तुम्हाला नुसतं ‘तुम्ही’च म्हणते.

आधी त्या कोशिंबिरीच्या रांगेबद्दल बोलू, कारण तुम्ही सगळा निवाडा तिथेच करून टाकलात. ‘स्वतःचं नाव ओळखलं नाही, म्हणजे मी संपले.’ असं नसतं हो. निव्हिल मोरे नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली ऑक्सफर्डला एक प्रयोग केला होता. माणसाच्या दोन्ही कानांना हेडफोन लावायचे, दोन कानांत दोन वेगळी बोलणी सोडायची, आणि सांगायचं की फक्त या एका कानातलं मोठ्याने म्हणत जा. दुसऱ्या कानातलं जवळपास काहीच लक्षात राहत नाही. तोच शब्द पस्तीस वेळा ऐकवला तरी नाही. पण त्या दुर्लक्षित कानात स्वतःचं नाव घेतलं, की मात्र काही जण दचकतात. ही गोष्ट सांगताना लोक बहुतेक वेळा इथेच थांबतात आणि ‘बघा, आपलं नाव किती खोल रुजलेलं असतं’ म्हणतात. पण दचकणारे होते साधारण एक तृतीयांश. १९९५ साली दुसऱ्या संशोधकांनी तोच प्रयोग जास्त काटेकोरपणे केला, तेव्हाही प्रमाण तेवढंच निघालं. म्हणजे मन दुसरीकडे गुंतलेलं असताना तीनांतल्या दोघांना स्वतःचं चालू, रोजच्या वापरातलं नावसुद्धा कळत नाही. तुमचं तर तीस-बत्तीस वर्षं माळ्यावर ठेवलेलं नाव, शंभर माणसांच्या गलक्यात, तेही मागून.

आणि तुम्ही म्हणता, ‘ऐकू आलं होतं.’ हे मला फार खरं वाटलं. ऐकू येणं आणि हाक लागू होणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. रेल्वेत कुणी ‘आई’ म्हणून हाक मारली की डब्यातल्या चार बायका वळतात. त्यांची पोरं घरी असली तरी वळतात. त्या हाकेला रोज ओ द्यायची सवय असते. ‘सुमन’ला ओ द्यायची तुमची सवय गेली. माझा अंदाज असा, की ती बरोबर दीड वर्षापूर्वी गेली.

चार पानांचं पत्र लिहिलंत. नवऱ्याला एक पान दिलंत, तबकाला अर्धं, आणि आईला कंसातली दोन वाक्यं. इतकी वर्षं पत्रं वाचून मला एक खोड लागली आहे, मी आधी कंस वाचते. माणसं जे कंसात घालतात, ते त्यांना बाहेर ठेवायला जड झालेलं असतं.

जरा मोजून बघा, लग्नानंतर तुम्हाला सुमन म्हणणारं कोण कोण होतं? वडील, आई, एखादी आत्या. तुम्ही पत्रात भावाचा उल्लेख केलाय, पण तो तुम्हाला ताई म्हणतो. भावजय वन्सं म्हणते. भाच्यांची तुम्ही आत्या. सासरी तर काय, नवरा ‘अगं’, दीर ‘वहिनी’, शेजारीपाजारी ‘काकू’, शाळेच्या फाटकापाशी ‘निखिलची आई’ की जे काय मुलाचं नाव असेल ते. आपल्या मराठी घरांत नाव घेऊन हाक मारण्याचा हक्क फार थोड्यांना असतो. मोठ्यांनी लहानांना मारावी आणि बरोबरीच्यांनी बरोबरीच्यांना, एवढंच. म्हणून आपलं वय वाढतं तशी आपल्याला एकेरीत, नावाने हाक मारणारी माणसं घटत जातात. पुरुषांचंही तेच होतं, फक्त त्यांना ते जरा उशिरा कळतं. एरवी अण्णा-अप्पा म्हणवून घेणारा म्हातारा बालमित्राने ‘काय रे बाळ्या’ म्हटल्यावर कसा उजळतो, ते कुठल्याही गावच्या पारावर बघून घ्या.

मला स्वतःला ‘बेबी’ म्हणणारी आता एकच मावशी उरली आहे, मिरजेला. ८४ वर्षांची आहे आणि फोनवर तिला धड ऐकू येत नाही. मी ‘मावशी, मी बोलतेय’ म्हणते, ती ‘कोण?’ म्हणते, मी माझं नाव सांगते, ती पुन्हा ‘कोण?’ म्हणते. मग मी दाराबाहेर कुणी नाही ना ते बघून ओरडते, ‘बेबी!’ आणि ती म्हणते, ‘मग तसं सांग की.’ दर रविवारी हाच संवाद होतो. साठी उलटलेली बाई बंद खोलीत ओरडून स्वतःला बेबी म्हणते, हे बाहेरून कसं दिसत असेल मला माहीत आहे. पण तो फोन मी चुकवत नाही.

लहान मुलाला स्वतःचं नाव साधारण साडेचार महिन्यांचं असताना कळायला लागतं. म्हणजे अर्थ कळत नाही, पण तशाच उच्चाराच्या दुसऱ्या नावांपेक्षा आपल्या नावाकडे ते जास्त वेळ कान देतं. त्याला अजून ‘मी’ ठाऊक नसतो. आरशातलं मूल म्हणजे आपणच, हे कळायला बहुतेकांना दीड वर्ष लागतं. म्हणजे बघा, आधी हाक येते आणि ‘मी’ मागाहून येतो. तुमची सुमन तुमच्या आत पुरून ठेवलेली नव्हती. ती तुमच्या आईच्या तोंडी होती. दर दोन-चार दिवसांनी फोनवर ‘सुमे’ ऐकू यायचं आणि तेवढ्यावर ते नाव जिवंत राहायचं. आई गेली आणि सुमन ठेवून घेणारं माणूसच राहिलं नाही.

मानसशास्त्राच्या पुस्तकी मराठीत याला आत्मप्रतिमा, स्वसंकल्पना असं काय काय म्हणतात. वर्तमानपत्रांत ‘अस्मिता’ चालतं, ती हल्ली बहुतेक दुखावलेलीच असते. (पतंजलींनी अस्मितेला पाच क्लेशांत बसवलं आहे, अविद्येच्या खालोखाल. हे संपादकांना कुणीतरी सांगायला हवं.) मला आपला साधा शब्द आवडतो, ओळख. ओळख एकट्याची नसते. ती करून देतात, ती ठेवतात, विसरतात, पटवतात. प्रत्येक वेळी समोर कुणीतरी लागतं. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने १८९० साली जवळपास हेच लिहून ठेवलं होतं, की माणसाला ओळखणारी जितकी माणसं, तितकी त्याची सामाजिक रूपं. पुढे त्याने हेही म्हटलं, की त्यांच्या मनातल्या आपल्या प्रतिमांपैकी एकीला जरी कुणी दुखावलं, तरी ते आपल्यालाच दुखावणं असतं. माणूस गेल्यावर तर ती प्रतिमा घेऊनच जातो.

तेव्हा तुमच्या दुखण्याला मी नाव देऊ का? तुम्ही आईचं सुतक धरताय. दीड वर्षापूर्वी तेरा दिवसांत ते संपलं असं सगळ्यांनी ठरवलं, तुम्हीही ठरवलंत, आणि मग कोशिंबिरीच्या रांगेत ते गाठून बसलं. ‘दुसऱ्याच बाईचं आयुष्य जगले’ हे वाक्य त्या दुःखाने लिहिलंय. म्हणून त्याच्यावर सगळाच विश्वास टाकू नका.

कारण आता मी तुमच्याशी थोडी भांडणार आहे.

तुमच्या पत्रात सुमनचं वर्णन आहे. सायकलवरून शाळेला जाणारी, वक्तृत्वात बक्षीस मिळवलेली, कैऱ्या पाडायला झाडावर चढणारी. वाचून मलाही ती आवडली. पण एक गोष्ट लक्षात घ्या. चाळिशी उलटलेल्या कुणालाही आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या, तर त्यांतल्या खूपशा दहा ते तीस या वयातल्या निघतात. हे अनेक देशांत तपासून झालंय. स्मृतीच्या आलेखात तिथे एक उंचवटाच येतो. कारणांबद्दल वाद आहेत, पण पहिलेपण हे त्यातलं एक. पहिली सायकल, पहिली नोकरी, पहिलं घर सोडणं. त्या काळातलं सगळं जास्त रंगीत दिसतं, आणि जे रंगीत दिसतं ते जास्त खरं वाटतं. सुमन नेमकी त्या उंचवट्यावर उभी आहे. तिला गॅसचा सिलिंडर बुक करायचा नव्हता, सासऱ्यांचं डायलिसिस नव्हतं. तिची तुलना ५५ वर्षांच्या थकलेल्या बाईशी करणं म्हणजे लग्नाच्या अल्बममधल्या फोटोची आधारकार्डावरच्या फोटोशी तुलना.

आणि अनघा खोटी? मग पत्राच्या दुसऱ्या पानावर जे लिहिलंय ते कुणाचं? नोटाबंदीच्या त्या नोव्हेंबरात, २०१६ साली, पतसंस्थेच्या दारात गर्दी, आतला मॅनेजर रजेवर, आणि काउंटरच्या जाळीपलीकडून माणसं ओरडतायत, ‘अनघा मॅडम, आमच्या पैशांचं काय?’ तुम्ही लिहिलंय, ‘मी स्टुलावर उभी राहिले आणि एकेकाला खातं क्रमांक विचारून वहीत लिहायला लागले. संध्याकाळपर्यंत कुणी आवाज चढवला नाही.’ लिहिताना तुमचं अक्षरही जरा मोठं झालंय, मुद्दाम बघितलं मी. स्टुलावर चढली ती अनघा. ते नाव सासूबाईंनी ठेवलं असेल, पण एव्हाना ते तुम्ही कमावलंय. तांदळात लिहिलेलं नाव तबक हलवलं की मोडतं. लोकांच्या तोंडचं असं मोडत नाही.

‘ओळखीचा पेच’ ही कल्पना ज्याने जगाला दिली, त्याचीच गोष्ट सांगते. एरिक एरिक्सन. १९०२ साली फ्रँकफर्टला जन्मला. जन्मदाता कोण ते त्याला कधीच कळलं नाही. आईने मुलांच्या एका डॉक्टरशी लग्न केलं, तर हा त्यांचं आडनाव लावून एरिक होम्बुर्गर म्हणून वाढला. त्या घरात जे त्याचं नव्हतं ते त्याचं म्हणून चालत होतं, आणि त्याला ते कुठेतरी जाणवत होतं. व्हिएन्नात तो मनोविश्लेषक ॲना फ्रॉइडकडे शिकला, १९३३ साली अमेरिकेत गेला, आणि १९३९ मध्ये तिथलं नागरिकत्व घेताना त्याने नवंच आडनाव लावलं. एरिक्सन, म्हणजे एरिकचा मुलगा. जुनं मात्र फेकलं नाही, होम्बुर्गरचा ‘एच’ मध्ये ठेवून दिला. पुस्तकांच्या वेष्टनावर अजून तो तसाच आहे. लोकांना वाटतं त्याने फक्त सोळा-सतरा वर्षांच्या पोरांच्या गोंधळाबद्दल लिहिलं. त्याचं म्हणणं होतं की हा प्रश्न तिथे पेटतो, पण विझत नाही. उतारवयात माणूस मागे वळून सगळं आयुष्य पुन्हा एकदा जुळवून बघतो आणि त्यातलं किती ‘माझं’ म्हणायचं ते ठरवतो. तुम्ही ५५ व्या वर्षी हेच करताय, म्हणून वेडेपणाची शंका तर काढूनच टाका.

आपल्याकडे हे इतकं सर्रास झालंय की कुणी पेच म्हणतही नाही. आनंदीबाई जोशींचं माहेरचं नाव यमुना. रमाबाई रानड्यांचंही माहेरचं नाव यमुनाच. एक अमेरिकेत जाऊन १८८६ साली डॉक्टर झाली, दुसरीने पुण्याचं सेवासदन उभं केलं, आणि शाळेच्या पुस्तकांत दोन्ही यमुना गडप. लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका. महर्षी कर्व्यांशी १८९३ साली पुनर्विवाह झाला त्या गोदूबाईंच्या आनंदी झाल्या. यांतल्या कुणाचं काम खोट्या नावाने झालं असं म्हणायची माझी छाती नाही. पण त्यांच्या यमुनांना, गोदूंना कुणी विचारलं का, हे विचारायची मात्र आहे.

आणि इथेच तुमचं खरं गाऱ्हाणं आहे असं मला वाटतं. पत्रात दोन दुखणी एकमेकांत गुंतली आहेत. एक आईचं, त्यावर बोललो. दुसरं त्या ‘घ’चं. नाव बदललं याहीपेक्षा, ते तुम्ही इतर बायकांबरोबर वाचलंत, हे तुम्हाला डसतंय. स्वतःच्या नावाच्या बारशाला तुम्ही पाहुणी होता. २३ वर्षांच्या, पदवीधर बाईचं बारसं झालं आणि तिला कुणी विचारलं नाही. याचा राग तेव्हा आला असेल-नसेल, आता आला तर येऊ द्या. तो सुमनलाही आहे आणि अनघालाही आहे. तुमच्या यजमानांनी ‘काय फरक पडतो’ म्हटलं, त्यांना एकदा विचारा, नाव तुम्हाला केव्हा कळलं होतं? मला शंका आहे की त्यांनाही आदल्या रात्रीच कळलं असेल. तसं असलं तर तुम्ही दोघं त्या तबकाच्या एकाच बाजूला होता.

आता गॅझेट. कायद्याने लग्नानंतर बायकोने नाव किंवा आडनाव बदलायलाच हवं असं काही नाही, तेव्हाही नव्हतं. परत बदलायचं असेल तर राजपत्रात प्रसिद्धी होते, आता अर्ज ऑनलाइनही करता येतो, त्यात अवघड काही नाही. अवघड पुढचं आहे. आधार, पॅन, बँक, भविष्यनिर्वाह निधी, सात-बारा, विमा, एकेका ठिकाणी एकेक खेप. निवृत्तीला तीन वर्षं असताना पतसंस्थेच्या कागदांत नाव बदलून घेणं म्हणजे काय, हे रोखपाल बाईला मी काय सांगू. पण माझा आक्षेप खेपांना नाही. आज तुम्ही गॅझेट कराल ते आईला परत आणायला कराल. सरकारी कागद तुम्हाला सुमन म्हणेल, ‘सुमे’ म्हणणार नाही. वर्षभर थांबा. वर्षाने वाटलं तर खुशाल करा, तेव्हा त्यात आनंद असेल.

तोवर हाकेची सोय करा. जिने खांद्यावर हात ठेवला ना, तिला फोन करा आणि सरळ सांगा, की मला सुमन म्हणत जा, आठवड्यातून एकदा तरी. तिला विचित्र वाटणार नाही. मला खात्री आहे की तिच्या माळ्यावरही एक नाव पडलंय आणि ती त्याला ओ देणारं कुणी शोधतेय. पहिले चार-सहा फोन अवघडल्यासारखे होतील. आरशासमोर जमलं नाही याचं कारण आरसा हाक मारत नाही. झोपेचं मात्र असं, की महिना होऊन गेलाय. आणखी दोन आठवड्यांत घडी बसली नाही तर डॉक्टरांकडे जा, तिथे ‘सुमन की अनघा’ची चर्चा न करता नुसती झोप सांगा. आईबद्दल बोलावंसं वाटलं तर समुपदेशकाकडे जा, त्यात कमीपणा नाही.

तबकाचं उत्तर सोपं आहे, पण वेळ महत्त्वाची. होणाऱ्या सुनेला आत्ता विचारा. एकटीला विचारा, तुमच्या मुलालाही बाजूला ठेवून. मांडवात, बारा बायका वाकून बघत असताना ‘चालेल ना गं तुला?’ असं विचारलं तर त्या प्रश्नाला एकच उत्तर असतं. आणि विचारताना ‘आम्ही काही बदलत नाही हो’ असं उदारपणे सांगूही नका. काही मुलींना नवं नाव हवं असतं. कुणाला जन्मापासून आपलं नाव आवडलेलं नसतं, कुणाला नवऱ्याने आवडीने सुचवलेलं गोड वाटतं. तुमचा अनुभव तिच्यावर लादलात तर तेही बारसंच झालं. तिने ‘आहे तेच’ म्हटलं तर तबक मांडा, तांदूळ पसरा, तिचंच नाव लिहा. हल्ली कितीतरी घरांत तसंच करतात, आणि पेढ्याची चव काही बदलत नाही. अंगठी तिच्या हातात द्या, लिहायचं ते तिनेच लिहावं.

सासूबाई नाराज होतील का? होतील थोड्या. पण त्यांच्याबद्दल माझ्या मनात एक वेगळीच गोष्ट घोळतेय.

पत्रातलं एक वाक्य तुम्ही लिहून पुढे निघून गेलात, मी तिथेच अडकले. घरात दोन सुमन नकोत म्हणून तुमची अनघा झाली. मग नणंद लग्न होऊन गेली आणि तिची स्मिता झाली. म्हणजे जिच्यासाठी तुम्ही नाव सोडलंत, तिलाही ते दोन वर्षं पुरलं नाही. त्या घरात आज सुमन नाव सासूबाईंच्याच तोंडी उरलंय, लेकीचा फोन आला की. त्या ८६ वर्षांच्या आहेत.

भाऊबीजेला नणंद येतीलच. जेवणं आटोपली, पुरुष टीव्हीपुढे गेले, की दोघींचा चहा घेऊन मागच्या खोलीत बसा. त्यांना सांगा की संमेलनात मला कुणी सुमन म्हणून हाक मारली आणि मी वळलेच नाही. पुढचं त्यांना बोलू द्या.